जागा भरणे आहे

वाचनालयाची जुनी दाखल नोंदवही उघडली की मला आधी अक्षरं दिसतात, पुस्तकं मागाहून. सुरुवातीची बरीच पानं एकाच हातची आहेत. उभं, सावध अक्षर; मात्रा-वेलांट्या जागच्या जागी; 'किंमत' या रकान्यात रुपयांबरोबर पैसेही लिहिलेले. मग एका पानाच्या मधोमध शाई बदलते. नवा माणूस घाईचा. लेखकाचं आडनाव तेवढं लिहितो, प्रकाशकाचं गाव गाळतो, पृष्ठसंख्येचा रकाना मोकळा सोडतो. पुढे केव्हातरी गोल, टपोरं अक्षर येतं आणि सगळे रकाने पुन्हा भरायला लागतात. मधून मधून लाल शाईत 'तपासले' असा शेरा, खाली सही आणि तारीख. पुस्तक कधी आलं, कुठल्या बिलानं आलं, बांधणी कशी, पानं किती, सगळं त्या वहीत आहे. लिहिणाऱ्याचं नाव तेवढं कुठे नाही.

आमचे कार्यवाह निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही. एका पावसाळी दुपारी वाचक कुणी नव्हते, तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि एकेका अक्षराचा माणूस विचारून घेतला. उभं अक्षर शाळेतल्या एका लिपिकाचं. शाळा सुटली की ते इथे येऊन बसत. घाईचं अक्षर ज्याचं, तो मुंबईला गेला आणि मशीद बंदरात माथाडीत लागला. टपोरं अक्षर एका मुलीचं. ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्ग केलेली. लग्न होऊन घाटाखाली गेली. "तुझ्यासारखीच होती," गुरुजी म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

तिच्यानंतर आणखी काही हात आहेत. सगळ्यांत शेवटी आता माझं अक्षर.

आमचं वाचनालय पाटणला. पाटण हे कोयनेच्या काठचं तालुक्याचं गाव. केरा इथे कोयनेला मिळते. कराडहून चिपळूणकडे जाणाऱ्या गाड्या स्टँडवर थांबून पुढे कुंभार्ली घाटाकडे जातात. आमचं घर मोरणा खोऱ्यात. एसटीनं यायचं आणि एसटीनंच परत जायचं. इतिहास घेऊन बी.ए. केलं, मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. आजीला हे काही उमगेना. "पुस्तकं द्या-घ्याय शिकायला एवढ्या लांब जावं लागतंय व्हय पोरी?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून मीही नीट सांगितलं. म्हटलं, आजी, उतरंडीतल्या कुठल्या मडक्यात कुठलं बियाणं आहे, कुठल्या सालचं आहे, हे तुला अंधारातही कळतं. पण तू गावाला गेलीस तर घरात दुसऱ्या कुणाला सापडत नाही. ते कुणालाही सापडावं अशी सोय करायची, हे माझं शिक्षण. आजी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ह्ये चांगलं हाय. पर पगार कोण देतंय?"

कोल्हापूरच्या त्या वर्षाची आठवण मला अजून पुरते. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात आम्हाला कपाटांमधून फिरवत. मेल्विल ड्यूईनं १८७६ मध्ये सगळं ज्ञान दहा घरांत वाटलं, त्यात आपली मराठी ८९१.४६ वर येऊन बसली. तिच्यापुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ म्हणजे कथा-कादंबरी, ४ म्हणजे निबंध. पहिल्यांदा एका पुस्तकाला मी स्वतः क्रमांक दिला तेव्हा ते पुस्तक हातात घेऊन मी उगीच बसून राहिले होते. आता ते जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात गेलं तरी त्याला आपलं घर सापडेल, असं वाटलं. इथे आमच्या वाचनालयात क्रमांक वेगळे. कादंबरीला 'का', नाटकाला 'ना', चरित्राला 'च', आणि पुढे नंबर. वाचकही तसंच मागतात: "ती का-चारशेच्या आसपासची, निळ्या कव्हराची." ते बदलायचं माझ्या मनात नाही. त्यांच्या डोक्यातलं ते कपाट अनेक वर्षांचं आहे आणि त्यात त्यांना पुस्तक सापडतं.

पदवी हातात आली आणि जाहिराती वाचायला लागले. 'जागा भरणे आहे.' 'अनुभव असल्यास प्राधान्य.' 'मूळ कागदपत्रांसह मुलाखतीस स्वखर्चाने उपस्थित राहावे.' कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर पदव्युत्तर पदवी आणि वर नेट किंवा सेट. शाळेत व्हायचं तर पट हवा. हजारावर विद्यार्थी असले तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशेवर असले तर अर्धवेळ. आमचा तालुका वाड्यावस्त्यांचा. डोंगराच्या कुशीत शाळा आहेत, पट नाही. राहिली सार्वजनिक वाचनालयं. ती महाराष्ट्रात हजारोंनी आहेत आणि त्यांची उतरंड कायद्यानं ठरलेली आहे: जिल्हा, तालुका आणि इतर, त्यात अ, ब, क, ड. खेड्यातलं वाचनालय बहुधा 'ड'मध्ये असतं. 'ड' वर्गाला कैक वर्षं वर्षाकाठी ३० हजार रुपये अनुदान होतं. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ करायचं ठरलं. अनुदानातला निम्मा भाग पगारावर खर्चायचा असतो. म्हणजे वाढ धरूनही ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला दोन हजारांच्या आसपास येतात. तेही हप्ता येईल तेव्हा.

हा आकडा मी घरी सांगितला तेव्हा वडील काही बोलले नाहीत. मुंबईतल्या काकांचा फोन मात्र त्याच आठवड्यात आला. आमच्या खोऱ्यात घर दाखवा की ज्यातलं एक माणूस मुंबईला नाही. आधी गिरण्या होत्या, मग बंदर, बाजार, माथाडी. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले, मंद्रूळकोळ्याचे. काकांनी सगळी हयात वाशीच्या बाजारात काढली. ते म्हणाले, "इकडं ये. कुठंतरी कॉम्प्युटरवर बसवतो." त्यांच्या आवाजात माया होती. त्यांना 'नाही' म्हणताना मला जड गेलं. कारण त्यांनी जे सांगितलं तेच आमच्याकडे शहाणपण आहे, आणि त्या शहाणपणावरच माझं शिक्षण झालेलं आहे. फीचे पैसे त्यांनीच पाठवले होते.

मुलाखती दिल्या. त्यातली एक दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेतली. नाव घेत नाही. बाहेर व्हरांड्यात बसले होते, तिथे भिंतीला लागून सुतळीनं बांधलेले गठ्ठे होते. वरच्या गठ्ठ्यावर एका जुन्या मासिकाचे सलग वर्षांचे अंक. खाली ओल धरलेली. पानांच्या कडांवर कसर लागून जाळी झालेली. माझा हात आपोआप सुतळीकडे गेला आणि मी वरचे दोन गठ्ठे उचलून खुर्चीवर ठेवले, निदान जमिनीची ओल तरी लागू नये. आत गेल्यावर विचारलं, "मोडी येतं म्हणता, त्याचा इथं काय उपयोग?" मी म्हटलं, जुन्या देणग्यांचे, जमिनीचे कागद कुठल्याही जुन्या संस्थेत असतातच. ते एकमेकांकडे पाहून म्हणाले, आहेत खरे, एक पेटी भरून आहेत. मग शेवटी सांगितलं की पद अजून मंजूर नाही. पुस्तकांची मोजदाद करून द्या, ती पेटीही बघा. अनुभवाचा दाखला देऊ. पगाराचा विषय निघाला नाही.

परतीच्या गाडीत मी त्या पेटीचाच विचार करत होते. राग आला होता, पण त्याहून वेगळंही काहीतरी होतं. आम्हाला सगळीकडे सांगतात की या क्षेत्रात काम उरलेलं नाही, लोक वाचत नाहीत, सगळं मोबाइलवर आलं. काम तर व्हरांड्यात सुतळीनं बांधून पडलेलं आहे. पेट्यांत आहे, माळ्यावर आहे, सरकारी खोल्यांत छतापर्यंत रचलेलं आहे. काम आहे, जागा नाही. हे मला त्या गाडीत जेवढं स्वच्छ दिसलं तेवढं कुठल्या पुस्तकात दिसलं नव्हतं.

आमच्या वाचनालयात मात्र जागा मिळत नाही. म्हणजे बसायला. सकाळी उघडलं की अभ्यासिकेची टेबलं भरतात. पोलीस भरतीची मुलं पहाटे रस्त्यावर धावून, अंघोळ करून येतात. राज्यसेवेची, तलाठ्याची, वनरक्षकाची. चालू घडामोडींची मासिकं, जुन्या प्रश्नपत्रिका, कोपऱ्यावर डबे. कादंबऱ्यांच्या कपाटांकडे पाठ करून ती बसलेली असतात, आणि तरी मला त्यांचा राग येत नाही. परीक्षा संपल्यावर, निकाल लागायच्या आधीच्या त्या रिकाम्या दिवसांत, त्यांतलंच कुणीतरी उठून कपाटाशी येतं आणि "ताई, काहीतरी वाचायला द्या, अभ्यासाचं नको," म्हणतं. तेव्हा काय द्यायचं याचा मी आधीपासून विचार करून ठेवलेला असतो. ती मुलं मला म्हणतात, "ताई, तुमचं बरंय, तुमची लागली." मी त्यांना माझं मानधन सांगत नाही. त्यांच्या त्या बोलण्यात एक विश्वास असतो, की कुणाचीतरी लागते.

पाटण तालुक्यात नोकरीचा अर्ज भरणाऱ्या घरात एक कागद सगळ्यांना माहीत असतो: भूकंपग्रस्त असल्याचा दाखला. सरकारी भरतीत भूकंपग्रस्तांसाठी २ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि कोयनेचा भूकंप आमच्या उंबऱ्यावरच झाला. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमाराला. आजी तेव्हा नवी नवरी होती. ती सांगते, "आधी भांडी वाजली. मंग कौलं सांडली. धरान फुटलं म्हनून सगळी वर डोंगराकडं पळाली. मी एक पाय उंबऱ्यात अन् एक भाइर." धरण फुटलं नव्हतं. घरं मात्र गेली होती, माणसंही गेली होती. उजाडल्यावर पंचनामे सुरू झाले.

त्याच १९६७ सालात महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. माझी नोकरी ज्या दोन कागदांवर टांगलेली आहे ते एकाच सालचे असावेत याचं मला राहून राहून नवल वाटतं. एका कागदानं वाचनालयाला अनुदानाचा हक्क दिला. दुसऱ्यावर आजोबांची पडलेली भिंत लिहिलेली आहे.

तो दुसरा कागद शोधायला मी गेले तेव्हा अभिलेख कक्षात एक वयस्क कर्मचारी होते. खोलीत लोखंडी घोडे, त्यांवर लाल-पांढऱ्या कापडात बांधलेले रुमाल. खिडकीतून येणाऱ्या उजेडात धूळ तरंगत होती. त्यांनी गावाचं नाव विचारलं आणि यादी न बघता तिसऱ्या घोड्याकडे गेले. रुमाल टेबलावर ठेवून गाठ सोडली. गाठ अशी होती की एक टोक ओढलं की सुटावी. मी ती दोनदा बघून घेतली. आतल्या कागदाच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या, पण शाई टिकली होती. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, घराचा प्रकार: मातीच्या भिंती, कौलारू. पडलेल्या भिंती. फुटलेली कणगी. गोठ्याची एक बाजू. शेवटी डाव्या हाताचा अंगठा. आजोबांना मी पाहिलेलं नाही. त्यांचा फोटोही घरात नाही. त्या अंगठ्याच्या रेषा मी बराच वेळ बघत राहिले, आणि त्या गृहस्थांनी घाई केली नाही.

निघताना त्यांना विचारलं, हे सगळं कुठे काय आहे ते लिहून ठेवलंय का? ते म्हणाले, "थोडं यादीत आहे. बाकी माझ्या डोक्यात. दीड वर्ष राहिलंय रिटायर व्हायला." त्यांच्या जागी कोण येणार, ते मी विचारलं नाही. उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

२०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायच्या कामाला राज्यभर वेग आला. एरवी वर्षानुवर्षं कुलूप असलेल्या खोल्या उघडल्या. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक, कुळांच्या नोंदवह्या, जन्म-मृत्यूचा गाव नमुना चौदा, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं. जुन्या नोंदी मोडीत. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की मोडी वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर उरली आहेत. कुणबी नोंदींच्या राजकारणावर इथे बोलायचं नाही. मला दिसली ती माणसांची रांग, आपल्या पणजोबाचं नाव एका ओळीत शोधत आलेली. कोल्हापुरात शिकताना मी पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गाला गेले होते, ते तेव्हा कामाला आलं. मोडीत आधी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं त्या रेघेला लावत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द तोडलेले नाहीत. ओळखीची आडनावं, गावं, 'मौजे', 'बिन' असे खुंटे धरत धरत पुढे सरकावं लागतं. एका बाईंना त्यांच्या आजेसासऱ्यांची नोंद वाचून दाखवली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग त्या वळणदार रेषांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यात लिवलंय हे? असंच?" तेवढ्या दिवसांत मोडी वाचणाऱ्याला मान होता, चहा होता, क्वचित मानधनही होतं. पुढे खोल्यांना परत कुलपं लागली.

कागद आणि आमचा हा मुलूख यांचं नातं जुनं आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली तेव्हा १८९८ चा पहिला खंड उभा राहिला तो वाईत सापडलेल्या कागदांवर. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी साताऱ्यात राहून आयुष्यभर कागद, चित्रं, ग्रंथ जमवले. चाफळ तर आमच्याच तालुक्यात. समर्थांचं राममंदिर तिथलं. रामदासी मठामठांतली हस्तलिखितं शंकर श्रीकृष्ण देव यांनी पायपीट करून गोळा केली. पण हे सगळे कागद आज कुठे आहेत? पारसनीसांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. देवांनी जमवलेली हस्तलिखितं धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारचं शाहू दफ्तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात, जिथे मोडी कागदांची संख्या कोटींत सांगतात. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड काढले. तरी छापलेल्याच्या मानानं न छापलेलं किती तरी अधिक.

तिथे ते कागद वाचले, हे खरं. माळ्यावर राहिले असते तर उंदरांनी आणि पावसानं संपवले असते. नेणाऱ्यांचे उपकारच आहेत. तरी आमच्या खोऱ्यातून जे जातं त्याची यादी मनात केली की गलबलून येतं. वीज जाते, पाणी जातं, तरणी माणसं जातात आणि कागदही जातात. मागे राहिलेल्या माणसाला आपल्याच गावाबद्दल काही शोधायचं असेल तर एसटीनं कराड, मग रेल्वे किंवा दुसरी एसटी, मग पुणे. जाण्या-येण्याचं भाडं, एक दिवसाची मजुरी बुडालेली. कोण जातं? जवळपास काही नाही असंही नाही. साताऱ्याचं नगर वाचनालय आहे, वाईला विश्वकोशाचं कार्यालय आहे, औंधला पंतप्रतिनिधींचं संग्रहालय आहे, कराडात वेणूताई चव्हाण स्मारकात यशवंतरावांनी वाचलेली पुस्तकं आहेत. मी या सगळ्या ठिकाणी गेले. आधी वाचायला आणि मग अर्ज द्यायला. वाचायला गेलं की स्वागत होतं. अर्ज द्यायला गेलं की माणसं चांगलीच वागतात, पण आवाज खाली येतो.

पाण्याचंही सांगायला हवं. इथे पेपर वाचायला येणारी म्हातारी माणसं जुलै-ऑगस्टात आधी धरणाचा रकाना बघतात. १०५ टीएमसीचं धरण, आत किती आलं, दरवाजे किती फूट उघडले. कोयनेचं सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि सांगलीकडे जातं. २०१९ च्या ऑगस्टात ते सांगली जिल्हा नगर वाचनालयात शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजली. तेव्हाचे फोटो मी कॉलेजात असताना पाहिले होते; फुगलेल्या, चिखलानं बरबटलेल्या पुस्तकांचे ढीग. ग्रंथालयशास्त्र शिकायचं हे मी त्याच सुमाराला पक्कं केलं. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकायचं नसतं, हे पुढे शिकले. सावलीत, वाऱ्यावर, उभं करून, पानांत टिपकागद घालून वाळवायचं. गुळगुळीत कागदाची पानं चिकटायच्या आत सुटी करायची. शंभर पुस्तकांना ते करता येतं. हजारोंना करायचं तर माणसं लागतात, ज्यांना ते करता येतं अशी, आणि पाणी यायच्या आधी नेमलेली.

आमच्याकडे पूर नसला तरी चार महिने ओल आहे. जून लागला की मी खालचे कप्पे रिकामे करते, कपाटांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवते, जरा उघडीप मिळाली की सगळ्या खिडक्या उघडते. जुलै २०२१ मध्ये आमच्याच मोरणा खोऱ्यात आंबेघरला दरड आली, मिरगाव, ढोकावळ्यालाही आली. घरं माणसांसकट गेली. मागे उरलेल्यांना पुढे जे काही करायचं होतं त्यासाठी कागद लागणार होते आणि कागद चिखलाखाली होते. रेशनकार्ड, सातबारा, शाळेचा दाखला. एखाद्या कार्यालयातल्या रजिस्टरात आपलं नाव जपलेलं आहे, ही गोष्ट अशा वेळी केवढी मोठी असते ते मी त्या वर्षी लोकांच्या डोळ्यांत पाहिलं. म्हणून कुणी मला 'तुमचं काम म्हणजे सेवा' म्हणालं की मी आता थांबवते. ते काम आहे. वीज जोडणाऱ्या माणसाला आपण पगार देतो, तसा याचाही द्यावा.

गेल्या हिवाळ्यात एक आजोबा आले. धरणात गेलेल्या एका गावचे. लहानपणीच कुटुंब ठाणे जिल्ह्यात उठून गेलेलं. नातेवाइकांच्या लग्नाला इकडे आले होते. मोकळा वेळ होता म्हणून वाचनालयात शिरले. आधी पेपर चाळला, मग विचारलं, "आमच्या गावाचं नाव असंल असं काय पुस्तक हाय का तुमच्यात?" मी जरा विचार केला आणि मागच्या कपाटातून १९५१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका काढली. त्यावर 'उत्तर सातारा' असं जिल्ह्याचं नाव आहे. सांगली तेव्हा 'दक्षिण सातारा' होती. पुस्तिका इंग्रजीत. ती वाचनालयात कशी आली कोण जाणे, पण नोंदवहीत तिची नोंद आहे, उभ्या अक्षरात, सगळे रकाने भरलेले. त्याच रकान्यांमुळे मला ती माहीत होती. पाटण तालुक्याची पानं काढून बोट खाली नेत गेले. गाव सापडलं. क्षेत्र इतकं, घरं इतकी, पुरुष इतके, बायका इतक्या, लिहिता-वाचता येणारे इतके. मी आकडे वाचत गेले. ते मधेच म्हणाले, "थांबा." आणि बोटांवर घरं मोजायला लागले: वरची आळी, खालची आळी, देवळामागची चार. "बरोबर हाय," म्हणाले. "आमचं धरून."

त्या दिवसापासून मी एक वेगळी वही केली आहे. आपल्या भागातल्या कुठल्या गावाचा कुठला कागद कुठे आहे, जेवढं मला कळलं तेवढं त्यात लिहिते. ग्रामपंचायतीत काय, शाळेत काय, देवस्थानाच्या पेटीत काय, पुण्याला काय गेलं. अभिलेख कक्षातल्या त्या गृहस्थांकडे सवड मिळेल तेव्हा जाते आणि त्यांच्या डोक्यातलं विचारून घेते. ते खूश होऊन सांगतात. हे कुणी मला सांगितलेलं काम नाही. अर्जांत 'अनुभव' या रकान्यात ते लिहिता येत नाही.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात सहायक ग्रंथपालाची जागा निघाली आहे. कंत्राटी, अकरा महिन्यांची. मी अर्ज केला आणि गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "जा बाळ. जायलाच पाहिजे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण मग इथं कोण?" त्यांना तो प्रश्न माझ्यावर ढकलायचा नव्हता. ते स्वतःलाच विचारत होते, आणि बहुधा पहिल्यांदा नव्हे.

मी म्हटलं, गुरुजी, आपण जाहिरात देऊ या. मी राहिले तरी आणि गेले तरी. आजवर या वहीत जेवढी अक्षरं आहेत त्यांतलं एकही जाहिरातीनं आलेलं नाही. सगळी ओळखीनं आली आणि पोटासाठी गेली. अनुदानाचे दोन हजार आहेतच. त्यात गावानं भर घालायची. गावाच्या मुंबई मंडळाकडे देवळासाठी वर्गणी मागतो, तशी या जागेसाठी मागू. काकांशी मी बोलते.

गुरुजींनी वाचनालयाचं लेटरहेड काढलं. मी लिहायला घेतलं. ग्रंथपाल पाहिजे. शिक्षण: ग्रंथालयाचं प्रमाणपत्र किंवा पदवी. मोडी येत असल्यास प्राधान्य. स्थानिक असण्याची अट नाही. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी. 'स्वखर्चाने' हा शब्द लिहिला नाही. मुलाखतीला येणाऱ्याचं एसटीचं भाडं वाचनालय देईल असं घातलं. गुरुजींनी ते वाचलं आणि तसंच ठेवलं. पगाराच्या ओळीशी आलो तेव्हा ते म्हणाले, हा आकडा कार्यकारिणीपुढे ठेवावा लागेल. तू सांग, किती लिहू? मी माझ्या मनातला आकडा सांगितला. त्यांनी तो पेन्सिलीनं लिहिला. बैठक पुढच्या महिन्यात आहे.